म्हणे, समुद्र उत्तरेला

५ मे, सोमवार पाहिंग

नातीनं, वेनिंगनं ही वही हातात दिली. आजीला म्बाह म्हणते ती. म्हणाली, “म्बाह, कुठला पाहुणा कधी आला, कुठल्या खोलीत उतरला, कधी गेला, एवढं लिहून ठेवाल का? मला पलंगावरून उठायला बंदी आहे.” मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, तीसुद्धा भातकापणीचे दिवस सोडून. अक्षरं येतात मला, पण त्यांना वेळ लागतो. पाहुण्यांचं पुढून लिहीन. मागची पानं माझी. तिथं वारापुढं आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वारही लिहीन. नातीनं ती उघडायची नाहीत.

आज पहाटे इमोगिरीहून निघाले. योग्याच्या बसतळावर मागेलांगचा गाडीवाला “निघाली, निघाली” म्हणून घसा फोडत होता. मी पळत जाऊन बसले. मग हा खाली उतरला, कॉफी प्याला, सिगारेट ओढली, एका कोंबडीवाल्याशी भांडला. गाडी भरायला दीड तास. मागेलांगला पुन्हा तोच तमाशा. वेनिंगच्या गावाला, सेमारांगला उतरले तर केशरी व्हॅनवाला म्हणतो, “भरली की निघू, बू.” बाईमाणसाला बू म्हणतात. मी म्हटलं, “माझी गाठोडी धरून मीच तीन माणसांची जागा घेतलीय, भरलीच समज.” तो हसला. निघाला मात्र नाही.

वेनिंगचा सातवा महिना संपत आलाय. वार खाली बसलीय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रक्त दिसलं की अर्ध्या तासात दवाखान्यात, कुणाची वाट बघायची नाही. मागच्या वर्षीचं पाचव्यातच गेलं. हे जाऊ द्यायचं नाही. नवरा, प्रास्तोवो, मालाच्या जहाजावर, तो जुलैत उगवणार. तोवर ती, तिचं पोट आणि प्रवाशांना भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या, सगळं माझ्या गळ्यात.

घरात शिरायला वाकावं लागतं. समुद्राचं पाणी चढतं म्हणून दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर भर घालतात, रस्ता वर येतो, घर तिथंच. दाराची चौकट आता माझ्या कपाळाला लागते. दोनदा लागली.

आणि गावच उलटं बांधलंय. आमच्याकडं डोंगर उत्तरेला, समुद्र दक्षिणेला. सकाळी उठून ज्वालामुखी डोंगराचा धूर बघितला की माणसाला कळतं आपण कुठं उभे आहोत. इथं वेनिंग म्हणते समुद्र उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला. मी म्हटलं, “काहीतरीच बोलू नकोस. डोंगर असतो तिकडं उत्तर.”

“इंग्गिह, म्बाह,” ती म्हणाली. म्हणजे हो. पोरीला वळण चांगलं लागलंय, मोठ्यांशी वाद घालत नाही.

७ मे, बुधवार वागे

पहिले पाहुणे. कुठल्याशा थंड देशातलं उंच जोडपं. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांत माझं अख्खं स्वयंपाकघर मावलं असतं. फोनवर कळवलं, स्टेशनवर आलो. मी तावांग स्टेशनसमोरच्या तळ्याकाठी पाऊण तास उभी. ते पोंचोल स्टेशनवर उभे. एका गावाला दोन स्टेशनं कशाला लागतात? महागडी गाडी इथं थांबते, स्वस्तातली तिथं. दिसायला एवढे मोठे लोक, आले स्वस्तातल्या गाडीनं.

गल्लीच्या तोंडाशी एक बेचाकवाला, म्हणजे तीनचाकी सायकलरिक्षावाला, पडून असतो. पाक साकिमिन. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी कमी, पोटऱ्या सुक्या दोरासारख्या. बेचाकच्या पुढच्या बाकावर, जिथं गिऱ्हाईक बसायचं, तिथं हाच टोपी तोंडावर घेऊन झोपलेला. उठवला. पुढं मी बसले, मागं तो पायडल मारायला.

“पोंचोलला चला. उत्तरेला घ्या.”

“इंग्गिह, म्बाह.” आणि सरळ मासळीच्या तळ्यांकडं निघाला.

“अहो, कुठं? तिकडं समुद्र आहे! उत्तर म्हटलं ना मी? मोठ्या रस्त्याकडं!”

त्यानं बेचाक थांबवली. मग म्हणाला, “इंग्गिह, म्बाह. चुकलंच माझं.” आणि वळवली. जन्म या गल्लीत गेला म्हणतो आणि उत्तर कुठं हे योग्याच्या म्हातारीनं शिकवावं लागतं. पण एकदा सांगितल्यावर लक्षात ठेवतो. येताना मी “आता दक्षिणेला” म्हटलं तर बरोबर घरी आणलं.

११ मे, रविवार पोन

सकाळपासून चार माणसांनी विचारलं, इथून तिथं कसं जायचं. हेच का माझं काम? विमानतळाला जायचं तर गार हवेची मोठी बस आहे, पण ती तुमच्या दारात येणार नाही, थांब्यावर जा. थांबा उंच ओट्यावर आहे. ओट्याशिवाय तिचं दार उघडत नाही. एक बाई रस्त्यात उभी राहून बसला हात करत होती, बस तिच्या नाकासमोरून गेली. केशरी व्हॅन कुठंही थांबते पण भरल्याशिवाय हलत नाही. फोनवरून बोलवायची दुचाकी स्वस्त आहे, पण ते हिरव्या जाकिटाचे पोरगे स्टेशनच्या दारात येऊ शकत नाहीत, कारण तिथं जुन्या अड्ड्याचे दुचाकीवाले बसतात आणि आपल्या हद्दीत आलेल्या हिरव्या जाकिटाची चावी काढून घेतात. म्हणून प्रवाशानं बोजे उचलून पुलापलीकडं चालत जायचं. दोघांची गिऱ्हाइकं मधल्यामधे उन्हात भाजतात.

मी एवढं सगळं सांगते आणि बाहेरचे लोक काय विचारतात? “डावीकडं का उजवीकडं?”

अरे, डावं-उजवं माणूस वळला की बदलतं. उत्तर कधी बदलते का?

क्वालालंपूरहून एक पोरगा आलाय, शिकलेला, चष्मेवाला. त्याला सांगितलं, बसचा थांबा उत्तरेला, सरळ चालत जा. त्यानं फोन काढला. फोनमध्ये म्हणे दिशा दाखवणारा काटा असतो. “उत्तर, बरोबर?” विचारून गेला. दोन तासांनी साकिमिननं त्याला बेचाकमधून परत आणला, गुडघ्यापर्यंत चिखल, बुटात पाणी.

“कुठं सापडला हा?”

“तळ्यांच्या बांधावर, म्बाह. त्यांना मासे बघायचे होते.”

विमानाचं तिकीट काढून बांदेंग मासे बघायला येतात. ते बाजारात मेलेले मिळतात की.

पोराला सुंठीचा चहा दिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग साकिमिनकडं, मग प्याला.

१६ मे, शुक्रवार पोन

फळी रंगवून गल्लीत ठोकली. बस उत्तरेला. एवढंच. दोन शब्द लिहायला सकाळ गेली. दुपारी बघते तर खाली कुणीतरी बाण काढलाय, मोठ्या रस्त्याकडं. आगाऊपणा. बाण बरोबर आहे म्हणून पुसला नाही.

सूर्यसुद्धा इथं चुकीच्या बाजूनं उगवतो. वेनिंगला म्हटलं तर म्हणाली, “इंग्गिह म्बाह, ढगांमुळं वाटत असेल.” ढग नव्हते.

२० मे, मंगळवार पाहिंग

या साकिमिनची लक्षणं मला ठीक दिसत नाहीत. रोज सकाळी कॉफी प्यायला मागच्या दारी येतो. वेनिंग पडल्या पडल्या खिडकीतून त्याच्याशी कुजबुजते. मी गेले की दोघंही गप्प. आज तेवढं ऐकू आलं, “कालच्यांना कुठून आणलंत?” आणि तो म्हणाला, “रुळांपलीकडून.”

मी आत जाऊन विचारलं, “कुणाला आणलं?”

“बहिणीला, म्बाह,” साकिमिन म्हणाला.

“किती बहिणी आहेत तुम्हाला?”

“बऱ्याच, म्बाह.”

हा माणूस माझ्या पाहुण्यांवर टपलेला असतो. कुणी दाराबाहेर पडलं की टोपी सारून उठतो आणि रिकामी बेचाक ढकलत त्याच्या मागं मागं. त्याला खडसावलं, “गिऱ्हाईक मिळवायची ही रीत नाही. लोकांना भीती वाटते.”

“इंग्गिह, म्बाह.” आणि अर्ध्या तासानं पुन्हा एकाच्या मागं.

या गावात काहीही सांगा, इंग्गिह. शेजारीण इंग्गिह, दुकानदार इंग्गिह, मशिदीतला म्हातारा इंग्गिह. आमच्याकडंही हेच आहे म्हणा. आईनं मला हेच शिकवलं, मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं नाही, हो म्हणून आपलं काम करत राहायचं. पण तेव्हा मी हो म्हणणारी होते. ऐकणारी झाल्यावर कळतंय, असल्या होकारानं जीव उबगतो.

२४ मे, शनिवार लेगी

दुपारी पाणी आलं. पाऊस नसताना पूर. आधी गटारातून बुडबुडे, मग गल्ली ओली, मग घोटाभर. इथले लोक त्याला ‘रोब’ म्हणतात आणि आलाय म्हटल्यावर फक्त चपला उंचावर ठेवतात. समोरच्या घरातली बाई पाण्यात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. मी मात्र तांदूळ, गाद्या, गॅसची टाकी, सगळं वर चढवत सुटले. “उतरेल तासाभरात,” ती म्हणाली. उतरलं. जाताना माझी एक चप्पल नेली.

पाणी असलं की गल्लीत ना व्हॅन येत ना फोनवाली गाडी. वेनिंगला म्हटलं, “तुला काही झालं तर?” ती म्हणाली, “मोठ्या रस्त्याचं टोक उंच आहे, तिथं पाणी नसतं. तिथवर न्यायचं.” हे बरं झालं विचारलं.

जकार्ताची एक बाई कालच गेली, तिनं आपल्या घराबद्दल फोनवर लिहिलंय. वेनिंगला वाचून दाखवायला लावलं. “घर स्वच्छ आहे. आजीबाईंच्या हातचं सोयाबीनचं तेंपे विसरता येणार नाही. मात्र आजीबाईंना रस्ता विचाराल तर...” आणि पोरीला खोकला आला. पाणी दिलं.

“पुढं काय?”

“संपलं, म्बाह.”

“मात्र म्हणून कुणी संपवतं का?”

“जकार्ताचे लोक तसेच असतात.”

२९ मे, गुरुवार लेगी

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. वही कशी बरोबर आली ठाऊक नाही, टॉवेलांच्या गाठोड्यात निघाली.

काल दुपारची अजान होऊन गेली होती. रोब आला तो गुडघ्याच्या वर. डोक्यावर कडक ऊन आणि गल्लीत समुद्र. पाहुणे सकाळीच निघून गेले होते. वेनिंगनं हाक मारली. आवाज वेगळा होता. गेले तर चादर लाल.

ती शांत होती. तिनंच फोनवरून गाडी बोलावली. पहिल्यानं पाण्याचं नाव काढताच नाही म्हटलं. दुसरा येतो म्हणाला आणि फोनच्या नकाशावर त्याची गाडी उलटी जाताना आम्हाला दिसली. मग दवाखान्याची रुग्णवाहिका. पत्ता सांगून झाला आणि तिच्या हातातून फोन सुटला. आत आवाज तुटत होता म्हणून मी तो घेऊन दारात गेले.

“बू, गल्लीच्या कुठल्या टोकाला येऊ? मी नवा आहे इथं. मेदानचा. आठवडाच झालाय.”

“उत्तरेच्या टोकाला ये. तिथं कोरडं आहे. आम्ही तिथवर येतो.”

“नक्की उत्तर?”

“उत्तर म्हणजे उत्तर! किती वेळा विचारशील?”

“ठीक आहे. उत्तर.”

मला वाटलं, चला, या गावात एक तरी ऐकणारा निघाला. हे मुद्दाम लिहून ठेवतेय. असं मला वाटलं होतं.

साकिमिन बोलावल्याशिवाय दारात उभा होता, कमरेशी लुंगी खोचून, बेचाक पाण्यात ओढत. त्यानं आणि शेजारणीच्या नवऱ्यानं वेनिंगला उचलून बाकावर ठेवलं. मी शेजारी, तिचं डोकं माझ्या छातीवर. बाकाच्या खाली चार बोटांवर पाणी. पायडल मारता येईना. तो मागून ढकलत चालला. मी म्हटलं, “उत्तरेला. रुग्णवाहिका थांबली असेल.” इंग्गिह म्हणाला. मोठ्या रस्त्याला लागलो. कोरडं. ऊन. तळलेल्या लुंपियांची एक हातगाडी. रुग्णवाहिका नाही.

थांबलो. वेनिंगचे ओठ पांढरे पडत होते. टॉवेल बदलला. दुसराही भिजला. तेवढ्यात फोन वाजला.

“बू, पोचलो. तुम्ही कुठं आहात?”

“उत्तरेच्या टोकाला! तू कुठं आहेस?”

“मीही उत्तरेच्याच टोकाला! समोर बांध आहे, बांधापलीकडं मासळीची तळी आहेत, आणि इंजिनात पाणी शिरलंय. बू, इथं समुद्राशिवाय काहीच नाही!”

“खोटं बोलतोस! उत्तरेला मी उभी आहे!”

“बू, माझ्या हातात नकाशा आहे. मी बताक जमातीचा माणूस, तोंडावर सांगतो. तुम्ही चुकताय.”

मी त्याला शिव्या दिल्या. कुठल्या दिल्या ते लिहीत नाही. मग साकिमिनला म्हटलं, “तो येईपर्यंत थांबू. त्याच्याकडं औषधं असतील, सलाईन असेल. या बाकावर पोरीला गावभर कशी हिंडवायची? थांबा इथंच.”

“नाही.”

मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तीन आठवड्यांत त्याच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता.

“थांबा म्हणते ना मी!”

“गप बस!” तो ओरडला. लुंपियावालासुद्धा दचकला. “तो उत्तरेलाच उभा आहे. दक्षिणेला तू आहेस! तुझी उत्तर म्हणजे दक्षिण, पहिल्या दिवसापासून! त्याला रुळाखालून वळसा घालून यायला तास लागेल, तोही गाडी सुरू झाली तर. पोरीचं तोंड बघ!”

आणि निघालाच.

मला आयुष्यात नवऱ्यानंसुद्धा ‘गप बस’ म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले.

पुलाजवळ त्याचा दम संपला. मागून शिट्टीसारखा श्वास ऐकू येत होता. तिथं अड्ड्याचा एक दुचाकीवाला बसलेला. साकिमिननं नुसता हात केला. त्यानं वेनिंगकडं बघितलं, गाडी सुरू केली, बेचाकच्या मागच्या दांडीला एक पाय लावला आणि गाडीच्या जोरावर ढकलायला लागला. दुसऱ्या बाजूनं एक हिरवं जाकीट आलं, त्यानंही पाय लावला. बेचाक अशी धावली की माझी टिकलेली चप्पलही उडाली. आणि हे दोघं काय करत होते? भांडत होते.

“पुलाच्या अलीकडं तुझं काय काम?”

“गिऱ्हाईक आहे का हे? गिऱ्हाईक आहे?”

“आज पाय लावलास, उद्या स्टेशनच्या दारात येशील!”

“डावीकडं दाब रे, खड्डा!”

मी मागं न बघता विचारलं, “साकिमिन, मग सांगितलं का नाही मला?”

तो धापा टाकत होता. “कसं सांगायचं? तुम्ही मोठ्या. वेनिंग म्हणाली, म्बाहना दुखवू नका... नुसते पाहुणे परत आणत जा.” पुन्हा ‘तुम्ही’वर आला होता.

“किती आणलेत?”

“मोजले नाहीत, म्बाह.”

वेनिंगचे डोळे मिटलेले, पण ती पुटपुटली, “एकोणीस.”

दवाखान्याच्या दारात चाकांची खाट घेऊन माणसं धावली आणि तिला आत नेलं. मी अनवाणी. साकिमिन जमिनीवर बसला तो संध्याकाळच्या अजानपर्यंत उठला नाही.

मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी. वेनिंगला रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून दोन दिवस काही सांगता येत नाही.” मग म्हणाल्या, “दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगायला काही उरलंच नसतं.”

मी त्या मेदानवाल्याला उत्तर सांगितली. त्यानं ऐकली. बाकी कुणी ऐकतच नव्हतं म्हणून तीन आठवडे सगळं ठीक चाललं होतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

३१ मे, शनिवार पोन

वेनिंग आज पेज प्याली. पोरीनं नळीशिवाय श्वास घेतला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, चांगल्या बाजूनं.

मेदानचा ड्रायव्हर भेटायला आला. गाडी दुरुस्तीला गेलीय, त्याला साहेबानं झापलंय. म्हणाला, “बू, चूक तुमची होती.” मी म्हटलं, “होती.” डब्यातला भात वाढला. एक घास खाल्ला आणि म्हणाला, “कच्चा आहे.” खरंच कच्चा होता. वीस दिवस त्याच गॅसवर करतेय, कुणी बोललं नाही. मला हा माणूस फार आवडला.

मग वेनिंगचं खरकटं काढता काढता तिला झापलं. “आजारी आहेस म्हणून सोडणार नाही. आजीला वेडी ठरवून तिच्या पाठीमागं माणूस ठेवलास. एकोणीस लोक समुद्रात पाठवले मी! तोंड उघडून ‘म्बाह, तुम्ही चुकताय’ म्हणायला काय झालं होतं?”

“पहिल्या दिवशी म्हटलं होतं.”

“एकदा! आणि मग लगेच इंग्गिह!”

“तुम्ही डोळे वटारलेत.”

“मग? माझे डोळे बाळापेक्षा मोठे आहेत का?”

ती रडायला लागली. टाके दुखतील म्हणून थांबवली. तिला सांगितलं, इथून पुढं मी चुकले तर सरळ ‘नाही’ म्हणायचं.

“इंग्गिह, म्बाह.”

मी डबा आपटला. बाहेर साकिमिन बेचाकवर झोपला होता. त्याला उठवून तेच सांगितलं. माझ्या तोंडावर नाही म्हणायचं, ‘गप बस’ नाही म्हटलं तरी चालेल, पण ‘नाही’ म्हणायचंच.

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

“इंग्गिह, म्बाह.”

हा होकार खरा का नेहमीचा, ते कसं ओळखायचं? या लोकांत राहून माणूस वेडा होईल. मीही त्यांच्यातलीच आहे, ते आणखी वाईट.

५ जून

पाहुण्यांना मी आता रस्ते सांगत नाही. कुणी विचारलं की म्हणते, गल्लीच्या तोंडाशी जो झोपलाय त्याला उठवा. एकजण म्हणाला, तुम्ही तर इथल्याच ना? मी म्हटलं, चहात साखर किती घालू?

डोंगर अजूनही मला उत्तरेलाच दिसतो. डोळे मिटले की जास्तच. एकसष्ट वर्षं तो तिकडं होता, एका महिन्यात कसा हलवायचा? वेनिंगला पुस्तकातला नकाशा काढून दाखवायला लावला. कागदावर पटतं. दारात उभं राहिलं की पटत नाही. तेव्हा जीभ आवरायची, एवढंच हातात आहे.

१२ जून, गुरुवार क्लिवोन

पोरीला आज घरी सोडलं. दोन किलो तीनशे. प्रास्तोवोनं जहाजावरून फोन केला, रडला, मग विचारलं, “नाक कुणासारखं आहे?” मी म्हटलं, “अजून नाक म्हणावं असं काही नाही.”

दवाखान्यासमोर सगळे हजर. फोनवाली गाडी पाच मिनिटांत येते म्हणून हिरवं जाकीट फोन नाचवत होतं. मेदानवाला म्हणाला, रुग्णवाहिकेतून सोडतो, साहेबाला कळणार नाही. केशरी व्हॅनवाल्यानंही हाक दिली, “रिकामी आहे, बू, लगेच निघू!” रिकामी असताना लगेच निघणारी व्हॅन मी पहिल्यांदाच पाहिली. मी कुणाला काही बोलायच्या आत वेनिंग जाऊन साकिमिनच्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. पोरगी माझ्या मांडीवर.

पुलावर आलो. उन्हं उतरत होती, दुचाक्या दोन्ही अंगानं सूं सूं जात होत्या. खड्डा आला. बेचाक हादरली, पोरीनं तोंड वाकडं केलं.

“साकिमिन, थांबा जरा. बाजूला घ्या.”

“नाही, म्बाह,” तो म्हणाला. “मागं बस आहे. पूल संपू दे.”

आवाज चढला नव्हता. पायही थांबला नव्हता. घाम पुसता पुसता म्हणाला, दुसऱ्या कुणालाही म्हणावं तसं.

वेनिंगनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं बघत राहिले. बस बाजूनं निघून गेली, चांगली लांबलचक होती, थांबलो असतो तर चिरडलो असतो. पूल संपल्यावर त्यानं बेचाक झाडाखाली घेतली. मी पोरीचं दुपटं सारखं केलं आणि म्हटलं, “हं. चला आता.”

कुठं, ते सांगितलं नाही.